स्वतःच्या रानात घर बांधताना

अडतीस गुंठे जमीन, विहिरीला बारमाही पाणी, दावणीला दोन म्हशी आणि गावातल्या वडिलोपार्जित घरात तीन भावांचे तीन संसार. अशा शेतकऱ्यानं विहिरीशेजारी दोन खोल्या बांधून वस्तीवर राहायला जायचं ठरवलं, तर त्यात अडण्यासारखं काय आहे? पण त्याचं गाव प्रादेशिक योजनेच्या हद्दीत असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ४१ आडवं येतं. तिथे शेतघरालाही जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि जमीन ०.४ हेक्टरपेक्षा, म्हणजे सुमारे साडेएकोणचाळीस गुंठ्यांपेक्षा कमी असेल तर ती देऊ नये, असं कायद्यातच लिहिलेलं आहे. शेजारच्या एक्केचाळीस गुंठेवाल्याला १५० चौरस मीटर जोत्यापर्यंत परवानगी मिळू शकते. याला दीड गुंठा कमी पडतो, म्हणून मिळत नाही.

जागा माझी, सातबारा माझ्या नावावर, घामाचा पैसा माझा, मग अडवणारे तुम्ही कोण, हा सवाल तालुक्याच्या कचेरीबाहेर रोज ऐकू येतो. त्यातला संताप खरा आहे आणि तो समजून घ्यायला हवा. पण कायदे करणाऱ्यांना काही कळत नव्हतं असं म्हटलं की आपण चुकीच्या वाटेला लागतो. ग्रामीण जमिनीवरचे नियम वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या खात्यांनी, वेगवेगळ्या भीतीपोटी केले. एकाला महसूल बुडण्याची भीती होती, दुसऱ्याला शेतीचे तुकडे होण्याची, तिसऱ्याला शहरं वेडीवाकडी पसरण्याची. प्रत्येक भीती आपापल्या जागी रास्त होती. हे सगळे थर एकावर एक साचले आणि त्यांचा एकत्रित भार येऊन पडला तो दोन खोल्या बांधू पाहणाऱ्या माणसावर. त्यात त्याच्या जिवाशी ज्याचा थेट संबंध आहे, तो प्रश्न मात्र फाइलीत सर्वांत मागे राहिला: ही भिंत उभी राहील का?

पहिला थर महसुलाचा. १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी जमिनीची मोजणी आणि प्रतवारी करून सारा ठरवण्याची पद्धत बसवली आणि तीच पुढे मुंबई इलाख्यात पसरली. साखळी टाकून शेतं मोजली गेली. त्या मोजणीचा तेहेतीस फूट बाय तेहेतीस फुटांचा गुंठा आजही आपल्या व्यवहारात आहे. मोजणी सारा बसवण्यासाठी होती, त्यामुळे जिथून सारा येणार नव्हता ती जागा बारकाईनं मोजण्याचं कारणच नव्हतं. घरांची जागा एका बाहेरच्या रेषेत बंद झाली, ते गावठाण. आत कोणाचं घर किती, भिंत कोणाची, अंगण कोणाचं याची नोंद सरकारदप्तरी झालीच नाही. रेषेबाहेर शेती, रेषेच्या आत घरं, आणि शेतीचा आकार ज्या कामासाठी ठरला त्याच कामाला ती जमीन वापरायची. दुसऱ्या कामाला वापरायची तर सरकारला विचारायचं आणि वेगळा आकार भरायचा. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल अधिनियमातल्या कलम ६५ चं सार हेच आणि आजच्या १९६६ च्या संहितेतल्या कलम ४४ चंही. ‘एनए’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बिनशेती परवानगीचं मूळ इथे आहे. घर चांगलं की वाईट, सुरक्षित की धोक्याचं, याच्याशी तिचा जन्मतः काही संबंध नव्हता.

ही रेषा आखली तेव्हा देशावरचा कुणबी गावातच राहत होता. चोरांचं भय होतं, पाण्याची सोय गावाजवळ होती, आणि रानात एकट्यानं राहणं सोयीचंही नव्हतं. पुढे विहिरी वाढल्या, विजेच्या मोटारी आल्या, रात्री-अपरात्री वीज येईल तेव्हा पाणी धरायला रानात असणं भाग पडलं, दुधाचा जोडधंदा आला. माणसं मळ्यात, वस्तीवर राहायला गेली. इकडे गावठाणात वाटण्या होऊन खणांचे अर्धे खण झाले. पण रेषा बहुतेक ठिकाणी जुनीच राहिली. संहितेच्या कलम १२२ नुसार गावठाणाची हद्द ठरवण्याचा आणि बदलण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे, पण लोकसंख्या वाढली त्या प्रमाणात गावठाणं वाढली, असं आपल्याकडे अपवादानंच घडलं.

कोकणात तर ही कल्पनाच परकी आहे. तिथलं गाव म्हणजे डोंगरउतारावर आणि व्हाळाच्या काठानं विखुरलेल्या वाड्या. घर स्वतःच्या परसात, माडा-पोफळीत, कलमांच्या बागेत. एकगठ्ठा वस्तीभोवती रेषा मारायची तर ती मारणार कुठून? त्यामुळे रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या अनेक गावांना दप्तरी गावठाणच नाही. पिढ्यान् पिढ्या उभी असलेली घरं कागदोपत्री शेतजमिनीवर आहेत. त्यात सातबारा सामाईक. एका गटावर तीस-चाळीस नावं, त्यातले निम्मे मुंबईत, काही वारलेले, वारस लागलेले नाहीत. गळकं घर उतरवून नवं बांधायचं तर सहहिस्सेदारांची संमती हवी, आणि गणपतीला सगळे एकत्र आले तरी सगळ्यांच्या सह्या एका कागदावर येतातच असं नाही. देशावरच्या गावाचं माप कोकणाच्या अंगाला लावल्याचा हा परिणाम आहे, आणि इतक्या वर्षांत तो दुरुस्त न होणं ही मला राज्याच्या कारभारातली मोठी उणीव वाटते.

दुसरा थर तुकडेबंदीचा. १९४७ साली मुंबई प्रांतात धारण जमिनींचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध आणि त्यांचं एकत्रीकरण करण्याबाबतचा कायदा झाला. वाटण्या होत होत शेताची पट्टी इतकी अरुंद होते की औतही वळत नाही, ही तेव्हाची खरी अडचण होती. ठरावीक प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा विकता येणार नाही असं ठरलं आणि एकत्रीकरणातून सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले. हेतू उत्तम होता. पण कायदा जमिनीकडे फक्त पीक घेण्याची जागा म्हणून पाहत होता. दोन गुंठ्यांवर घर बांधणारा माणूस त्याच्या हिशेबात नव्हताच. म्हणून त्याला घरापुरती जागा विकणंही तुकडा पाडणंच ठरलं.

बंदी असली म्हणून गरज थांबत नाही. पुण्याच्या, नाशिकच्या, छत्रपती संभाजीनगरच्या भोवतालच्या गावांत दहा-अकरा जणांनी मिळून एक सामाईक खरेदीखत करायचं, सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं लावायची आणि जागेवर चुन्यानं रेघा मारून एकेक गुंठा वाटून घ्यायचा, ही पद्धत रूढ झाली. कुणी नुसत्या नोटरीच्या कागदावर आयुष्यभराची पुंजी गुंतवली. जुलै २०२१ मध्ये नोंदणी विभागानं परिपत्रक काढून असे लहान तुकडे नोंदवायला मनाई केली. मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं ते रद्द केलं. ऑगस्ट २०२३ मध्ये बहुतेक जिल्ह्यांसाठी प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे असं खाली आणलं गेलं. मार्च २०२४ मध्ये विहिरीसाठी, शेतरस्त्यासाठी आणि ग्रामीण घरकुलाच्या लाभार्थ्याला १,००० चौरस फुटांपर्यंत जागा घेण्यासाठी त्याहून लहान क्षेत्राच्या व्यवहाराला वाट करून दिली गेली.

या शेवटच्या दुरुस्तीपाशी क्षणभर थांबायला हवं. प्रधानमंत्री आवास योजनेची ग्रामीण आवृत्ती नोव्हेंबर २०१६ मध्ये सुरू झाली. सपाट प्रदेशात घरामागे १ लाख २० हजार रुपये आणि किमान २५ चौरस मीटरचं घर, अशी तिची रचना. भूमिहीनाला जागा विकत घेण्यासाठी मदत देणारी राज्याची योजनाही होती. म्हणजे एका हातानं सरकार गरिबाला म्हणत होतं, जागा घे आणि घर बांध. आणि त्याच सरकारचा तुकडेबंदीचा कायदा म्हणत होता, एवढी लहान जागा तुला विकत घेता येणार नाही. घरकुल मंजूर आणि जागा नाही, अशी नावं यादीत वर्षानुवर्षं राहिली. दोन्ही खाती आपापल्या नियमानं बरोबर होती. तो एक अपवाद कायद्यात यायला २०२४ उजाडलं.

तिसरा थर नगररचनेचा. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमानं राज्यात प्रादेशिक योजना, विकास योजना आणि त्यांचे रंगीत नकाशे आणले. लोकांच्या बोलण्यात त्यांची नावं सुटसुटीत आहेत: ग्रीन झोन आणि येलो झोन, हिरवा पट्टा आणि पिवळा पट्टा. पिवळ्यात राहती घरं, हिरव्यात शेती आणि तिला धरून असलेले उपयोग. नकाशावर ब्रशाची कड जिथे संपते तिथे दोन भावांच्या जमिनीचं नशीब वेगळं होतं. एकाच बांधाच्या अलीकडची जमीन गुंठ्यावर विकली जाते, पलीकडची एकरावर.

याच्या जोडीला बांधकामाचे नियम. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई आणि काही मोजके भाग वगळून साऱ्या राज्यासाठी एकच एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. आधी प्रत्येक ठिकाणी वेगळे नियम होते, तो गोंधळ कमी झाला हे खरं. पण तिची भाषा आणि विचार शहराचा आहे: चटई क्षेत्र निर्देशांक, सामासिक अंतरं, वाहनतळ, पोहोचरस्त्याची रुंदी. समजा एका गुंठ्याच्या चौरस जागेत समोर तीन मीटर आणि बाकी तिन्ही बाजूंना दीड-दीड मीटर मोकळं सोडायचं आहे. तर १,०८९ चौरस फुटांपैकी जोत्याला उरतात जेमतेम सव्वाचारशे. शहरात इमारतींमध्ये उजेड-वारा खेळावा आणि आगीचा बंब फिरावा म्हणून ही अंतरं ठरली. चहूबाजूंनी उसाचं रान असलेल्या एकट्या घराला त्यांचा उपयोग काय? आणि जिथे घराला घर लागून, सामाईक भिंतींनी उभं राहण्याची जुनी रीत आहे, त्या रीतीला ही अंतरं मोडीतच काढतात. गावठाणाच्या दाट भागासाठी सवलती आहेत, पण माणसं तर आता गावठाणाबाहेर निघाली आहेत.

बिनशेतीची फाइल ज्यानं फिरवली आहे त्याला हा क्रम तोंडपाठ असतो. सातबारा, आठ-अ, जुने फेरफार, भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी आणि तिची ‘क’ प्रत, नगररचनेचा झोन दाखला, पोहोचरस्त्याचा पुरावा, जमीन भोगवटादार वर्ग १ ची आहे की वर्ग २ ची याचा खुलासा. वर्ग २ असेल, म्हणजे इनामाची, वतनाची, सरकारनं वाटप केलेली किंवा कुळकायद्यात मिळालेली, तर आधी नजराण्याचा आणि परवानगीचा वेगळा प्रवास. मग महावितरण, बांधकाम विभाग, गरजेप्रमाणे वन विभाग यांचे ना-हरकत दाखले. मग चलन, सनद, आणि शेवटी कमी-जास्त पत्रक, म्हणजे ‘कजाप’, होऊन दप्तरात दुरुस्ती. कलम ४४ मध्ये नव्वद दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असं मानण्याची तरतूद आहे. पण मानीव परवानगीवर बँक कर्ज देत नाही आणि शहाणा माणूस तिच्या भरवशावर पाया खणत नाही. शिवाय एक त्रुटी दाखवणारं पत्र आलं की दिवसांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, असा अनुभव सार्वत्रिक आहे.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी, कारण ती कित्येकांना ठाऊकच नसते. २०१४ नंतर संहितेत ४२-अ पासून ४२-ड पर्यंतची कलमं आली. विकास योजना असलेल्या क्षेत्रात योजनेशी सुसंगत वापरासाठी वेगळी बिनशेती परवानगी मागायची गरज राहिली नाही. आणि ४२-ड नुसार गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन, रूपांतरण कर आणि बिनशेती आकारणी भरल्यावर, राहत्या वापरासाठी रूपांतरित झाली असं मानलं जातं. तसंच २०२१ मध्ये ग्रामीण भागातल्या ३,२०० चौरस फुटांपर्यंतच्या बांधकामाला नगररचनाकाराच्या परवानगीची गरज नाही, असा निर्णय झाला. सुमारे १,६०० चौरस फुटांपर्यंत मालकीची कागदपत्रं, नकाशे आणि परवानाधारक अभियंत्याचा दाखला ग्रामपंचायतीकडे देऊन शुल्क भरलं की पुरे. त्याच्या वर ३,२०० पर्यंत ग्रामपंचायतीनं दहा दिवसांत परवाना द्यायचा. म्हणजे कागदावर वाट बरीच मोकळी झाली आहे. पण ही माहिती गावात पोहोचवणं कुणाचं काम आहे ते ठरलेलं नसल्यामुळे, दोनशे मीटरच्या आतला माणूसही सवयीनं एजंटाच्या दारात उभा राहतो आणि जे आपोआप मिळायचं त्याचे पैसे मोजतो.

ज्यांना एजंट परवडत नाही ते सरळ घर बांधतात. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या आकारणी नोंदवहीत घर चढतं, घरपट्टी सुरू होते, विजेचं मीटर येतं आणि घर ‘कायदेशीर’ झालं असं घरमालकाला वाटतं. नमुना ८ हा कर आकारण्याचा कागद आहे, मालकीचा पुरावा नाही, हे कळतं ते घर तारण ठेवायला बँकेत गेल्यावर, नाहीतर महामार्गाच्या संपादनात मोबदला ठरताना. गावठाणातल्या घरांसाठी ही उणीव भरून काढण्याची सुरुवात महाराष्ट्रानं चांगली केली. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत भारतीय सर्वेक्षण विभागाच्या मदतीनं ड्रोननं गावठाण मोजलं गेलं. पुढे २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली आणि गावठाणातल्या घरांना मिळकत पत्रिका मिळू लागल्या. दीडशे-पावणेदोनशे वर्षं जी जागा कुणी मोजली नव्हती तिला कागद मिळाला, ही लहान गोष्ट नाही. मात्र ड्रोन गावठाणाच्या रेषेपर्यंत जातो. मळ्यातलं, वाडीतलं, वस्तीवरचं घर त्याच्या कक्षेबाहेरच राहतं.

मग काही वर्षांनी नियमितीकरण येतं. गुंठेवारीचा कायदा २००१ चा. त्यानं १ जानेवारी २००१ पर्यंतची बांधकामं नियमित करायची होती. २०२१ मध्ये ती तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे नेली. तुकडेबंदी मोडून झालेले व्यवहार २०१७ मध्ये बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम भरून नियमित करता येत होते, २०२४ मध्ये ती रक्कम ५ टक्क्यांवर आली. अडकलेल्या कुटुंबांना यातून दिलासा मिळाला आणि तो मिळायलाच हवा होता. पण याचा दुसरा परिणाम लोकांच्या मनावर होतो आणि तो खोल आहे. ज्यानं नियम पाळण्यासाठी वाट पाहिली, भाड्यानं राहिला, दाखल्यांसाठी खेपा घातल्या, त्याच्यापेक्षा ज्यानं आधी बांधलं आणि मग पाच टक्के भरले तो फायद्यात राहतो. असं वारंवार घडल्यावर नियम पाळायचा नसतो, पुढची तारीख जाहीर होईपर्यंत थांबायचं असतं, असं एक अख्खी पिढी शिकते. ग्रामीण बांधकामाच्या नियमांचं सर्वांत मोठं नुकसान मला हे वाटतं. त्रासदायक नियमांच्या गर्दीत आवश्यक नियमाचीही पत जाते.

आवश्यक नियम कोणता, ते मराठवाड्यानं फार मोठी किंमत देऊन पाहिलं आहे. ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशी होऊन गेलेली रात्र. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर-उस्मानाबादच्या सीमेवर ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि किल्लारी, सास्तूरसह कितीतरी गावं जमीनदोस्त झाली. आठ ते दहा हजार माणसं गेली. जगात याहून मोठे भूकंप कमी मनुष्यहानीत निभावले गेले आहेत. इथे माणसं मारली ती घरांनी. काळ्या दगडाच्या दोन-तीन फूट जाडीच्या भिंती, दगड नुसत्या मातीत बसवलेले, आणि वर माळवद: लाकडी तुळयांवर दर पावसाळ्याआधी नव्यानं चढत गेलेला मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गारवा देणारी, पिढ्यांनी जपलेली रचना. पण भिंतीच्या बाहेरच्या आणि आतल्या दगडी थरांना एकत्र बांधणारे आरपार दगड नव्हते. हादरा बसताच दोन्ही थर एकमेकांपासून सुटले, भिंत पोटातून फुगली आणि डोक्यावरची टनावारी माती झोपलेल्या माणसांवर आली.

तेव्हाच्या अधिकृत नकाशात हा भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या क्षेत्रात होता. २००२ च्या सुधारणेत पहिलं क्षेत्रच रद्द झालं आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या क्षेत्रात आला. भारतीय मानक ब्युरोचं दगडी आणि कमी ताकदीच्या बांधकामासाठीचं मानक, आयएस १३८२८, नेमकं १९९३ चंच आहे, आणि मातीच्या घरांसाठी आयएस १३८२७. त्यात सांगितलेले उपाय एखाद्या गवंड्याला एका दिवसात समजतील असे आहेत: ठरावीक अंतरावर आरपार दगड घाला, कोपरे नीट सांधा, दारं-खिडक्यांच्या वर साऱ्या घराभोवती लोखंड घातलेली काँक्रीटची सलग पट्टी फिरवा, दारं-खिडक्या कोपऱ्याला चिकटवू नका, छतावरची माती हलकी करा. भूकंपानंतरच्या पुनर्वसनात ५२ गावं नव्या जागी बसवली गेली. पण जास्त शिकण्यासारखं काम दुसरीकडे झालं. जवळपास दोन लाख घरं त्याच जागेवर, मालकांनी स्वतः, सरकारी मदतीनं दुरुस्त आणि मजबूत केली. अभियंते गावात आले, गवंड्यांना प्रशिक्षण मिळालं, बायकांनी संवाद सहायक होऊन घरोघरी पट्टी म्हणजे काय ते समजावलं. बांधकामाचा नियम लोकांनी स्वीकारल्याचं आपल्याकडचं हे मोठं उदाहरण आहे. कारण तो नियम कशासाठी आहे ते प्रत्येकाला दिसत होतं.

आज सुरुवातीला पाहिलेला तो शेतकरी अर्ज घेऊन जातो तेव्हा त्याला सातबाऱ्याचा आकार विचारला जातो, झोन विचारला जातो, रस्त्याची रुंदी विचारली जाते. लिंटलच्या पातळीला सलग पट्टी आहे का, हे कुणी येऊन पाहत नाही. जोते तपासणी शहराजवळ होते, दूरच्या वस्तीवर क्वचितच. सुरक्षिततेचा प्रश्न नकाशावरच्या अभियंत्याच्या सहीत संपतो. आणि पुष्कळदा त्या अभियंत्यानं ती जागा पाहिलेलीही नसते.

जमिनीचंही तसंच. आंबेगाव तालुक्यातलं माळीण ३० जुलै २०१४ ला डोंगराखाली गाडलं गेलं, १५१ माणसं गेली. २०२१ च्या जुलैत महाडजवळचं तळिये, २०२३ च्या जुलैत खालापूरची इरशाळवाडी. एकास पाचपेक्षा तीव्र उतारावर बांधकाम नको, हा नियम आपल्या नियमावलीत आहे आणि तो योग्यच आहे. पण तो नव्या अर्जापुरता. जुन्या वाड्यांकडे, त्यांच्या माथ्यावरच्या भेगांकडे आणि त्यांना सुरक्षित जागी हलवायचं तर घरापुरती जमीन कुठून आणायची याकडे पाहणारी व्यवस्था दरड कोसळल्यावरच हलते. आणि तेव्हा आड येतात ते पुन्हा वनजमिनीचे, तुकड्यांचे, झोनचेच नियम.

हे सगळं वाचून झोनच नकोत, ज्याला जिथे हवं तिथे बांधू द्या, असं वाटणं सोपं आहे. त्यावर गोव्याकडे पाहावं. तिथे गेल्या काही वर्षांत गावकऱ्यांचा राग उलट्या दिशेनं आहे. नगरनियोजन कायद्यात २०२३ मध्ये आलेल्या कलम १७(२) आणि २०२४ मध्ये आलेल्या ३९-अ मुळे शेतजमिनी, बागायती आणि डोंगरउतार एकेका अर्जावर वसाहत क्षेत्रात बदलले जाऊ लागले. त्याविरुद्ध ग्रामसभा पेटल्या, लोक न्यायालयात गेले, आणि मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं १७(२) खालचे नियम रद्द ठरवले. झोन सैल झाला की पहिला लाभ दोन खोल्या बांधणाऱ्याला होत नाही. जमिनीचा मोठा तुकडा घेऊन बंगल्यांची वसाहत उठवणाऱ्याला होतो. आपल्या मुळशी-मावळात, कर्जत-अलिबागेत हे घडलेलं आहेच. शेतघराच्या नावाखाली पोहण्याचे तलाव बांधले गेले, आणि शेजारच्या गोठ्याला मात्र नोटीस गेली.

म्हणून फरक करायला हवा तो आकाराचा आणि हेतूचा. स्वतःच्या जमिनीत, स्वतः राहण्यासाठी, ठरावीक आकारापर्यंतचं एक घर बांधणारा कुटुंबप्रमुख आणि प्लॉट पाडून विकणारा व्यावसायिक यांना एकाच चाळणीतून घालू नये. पहिल्याला महसुलाची परवानगी मागायला लावू नये. नोंद आणि आकारणी पुरे. ०.४ हेक्टरची अट त्याच्यासाठी काढून टाकावी. त्या बदल्यात तीन गोष्टी जागेवर येऊन तपासाव्यात आणि त्यात सूट देऊ नये: उतार आणि पूररेषा, भिंत-छताचा सांधा, आणि सांडपाणी कुठे जाणार. त्यासाठी प्रत्येक मंडळात एक अभियंता आणि प्रशिक्षित गवंड्यांची यादी असली तरी सुरुवात होईल. किल्लारीनंतर ते करून दाखवलेलं आहे, त्यामुळे जमणार नाही असं कुणी म्हणू नये. कोकणासाठी वाडी हाच घटक धरून वेगळी तरतूद हवी आणि सामाईक सातबाऱ्यात प्रत्यक्ष राहणाऱ्याला जुन्या जोत्यावर घर उभारायला सर्व सह्यांची अट नको.

हे होईल तेव्हा होईल. तोवर ज्याला येत्या हंगामात पाया घ्यायचा आहे त्यानं विटांचा सौदा करण्याआधी काही कागद हातात घ्यावेत. पहिला झोन दाखला, कारण बाकी सगळं त्याच्यावर ठरतं. मग सातबाऱ्यावरचा भोगवटादार वर्ग आणि इतर हक्कांचा रकाना, त्यात कुळाची, वनाची, पुनर्वसनाची नोंद आहे का ते. गावठाणाच्या हद्दीपासूनचं अंतर मोजणीच्या नकाशावर, डोळ्यांच्या अंदाजानं नाही. दोनशे मीटरच्या आत असाल तर तहसीलदारांकडे ४२-ड चा उल्लेख करून आकारणीचं चलन मागा. मोठ्या रस्त्याला लागून जमीन असेल तर नियंत्रण रेषा कुठून जाते ते बांधकाम विभागाकडून लेखी घ्या. रस्ता रुंद झाला की सर्वांत आधी त्या रेषेतलंच घर जातं. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच तारखेसह ठेवा. आणि गवंड्याशी बोलणी करताना दर ठरवण्याच्या आधी दारांच्या वरच्या पट्टीत किती जाडीची सळई, किती अंतरावर रिंगा आणि कोपऱ्यात ती सळई कशी वळवणार, हे त्याच्याकडून जमिनीवर आखून घ्या.